'सात वर्षांखालील मुलांना आणू नये' : आमच्या मशिदीतल्या एका पाटीचं प्रकरण

ती पाटी मीच लिहिली होती. पांढऱ्या पुठ्ठ्यावर निळ्या मार्करने, वर मराठीत आणि खाली उर्दूत : 'सात वर्षांखालील मुलांना मशिदीत आणू नये. – जमात कमिटी'. शुक्रवार, २२ मार्च २०२४, रमजानचा अकरावा रोजा. जुम्याच्या बांगेआधी मी ती चपलांच्या मांडणीवर टांगली आणि पुढच्या शुक्रवारी असरनंतर, म्हणजे दुपार कलल्यावरच्या नमाजनंतर, माझ्याच हाताने उतरवली. मधल्या आठ दिवसांत आणि त्यानंतरच्या वर्षभरात जे झालं ते इथे लिहितो आहे, कारण लहान मुलांना नमाजला न्यावं की नाही हा वाद आमच्या एकट्या गावाचा नाही. पाहुणा म्हणून जिथे जिथे नमाजला उभा राहिलो तिथे कधी ना कधी तो कानावर आला आहे.

माणसांची नावं देत नाही, गावाचंही नाही. रत्नागिरी जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव, एवढं पुरे. मी जमातीचा सेक्रेटरी. त्याआधी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षक होतो आणि बहुतेक वर्षं पहिलीचा वर्ग माझ्याकडे होता. म्हणजे सहा वर्षांचं पोर किती वेळ एका जागी उभं राहू शकतं हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी पाटी लिहिली.

मशीद

आमची मशीद जुनी. जांभ्याच्या जाड भिंती, लाकडी खांब, वर कौलं. गाव वाढलं तसा मागच्या बाजूला स्लॅबचा भाग जोडला आणि तिथे गुळगुळीत लादी बसवली. जुन्या भागात आवाज कौलांत विरून जातो. स्लॅबखाली साधी शिंक आली तरी घुमते. आणि मुलांची सफ, म्हणजे नमाजची रांग, नेमकी या स्लॅबखाली. कुणी मुद्दाम तशी लावली नव्हती. मोठी माणसं पुढे, पोरं मागे, ही रीत पूर्वीपासूनची. मशीद मागे वाढली तशी पोरंही मागे सरकत गेली.

उजव्या अंगाला हौद आहे. उघडा, चारी बाजूंनी पायऱ्या, मोठ्या माणसाच्या कमरेइतकं पाणी. आता बहुतेक जण नळावर वजू (नमाजआधी हातपाय-तोंड धुणं) करतात, पण हौद भरलेला असतो.

कोकणातले आम्ही मुसलमान बहुतेक इस्लामी धर्मनियमांच्या शाफई पंथाचे. जोराने किरात (कुरआनपठण) होणाऱ्या नमाजांत इमामांनी फातिहा, म्हणजे कुरआनची पहिली सुरा, संपवली की सगळी जमात मोठ्याने 'आमीन' म्हणते. दुसऱ्या, हनफी पंथाच्या मशिदींत ते मनात म्हणतात. आमच्या मुलांना नमाजमधलं सगळ्यात जास्त काय आवडतं म्हणाल, तर ही 'आमीन'. मोठ्यांची थांबते आणि मागून पोरांची लांबत राहते, कुणाचा दम जास्त टिकतो अशी शर्यतच लागते. मीही लहानपणी ती लावली आहे. मुलांच्या आवाजाची तक्रार आमच्याकडे नेहमी या आमीनपासून सुरू होते.

गुरुवारची रात्र

तरावीह म्हणजे रमजानातली रात्रीची जादा नमाज; तिच्या वीस रकाती, म्हणजे उभं राहण्या-वाकण्या-माथा टेकण्याच्या वीस फेऱ्या. इशापासून, म्हणजे रात्रीच्या नेहमीच्या नमाजपासून, धरल्या तर दीड तास. त्या रात्री कुवेतहून रजेवर आलेला एक तरुण बाप आपल्या चार वर्षांच्या मुलाला घेऊन आला होता. तिकडे तो मुलाला रोज मशिदीत नेत असे. इथे त्याने मुलाला शेजारी उभं केलं, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "पोराला मागे पाठव, सफ तुटते." त्याने पाठवलं. मागच्या सफेत दहा-बारा मुलं, सगळ्यात मोठा अकरा वर्षांचा. या चार वर्षांच्या पोराला ओळखणारं त्यांत कुणी नव्हतं.

सहा रकाती तो बरा राहिला. मग बापाला शोधायला निघाला. सगळे सजद्यात, माथा जमिनीला टेकून, सगळ्यांच्या पाठी सारख्याच दिसणाऱ्या. सफांमधून धावत तो पुढे गेला आणि दुसऱ्या सफेतल्या एका चाचांच्या पुढ्यात, सजद्याच्या जागेवर जाऊन उभा राहिला. मागे पोरं खदखदली. चाचांनी नियत तोडली, म्हणजे नमाज मध्येच सोडली, त्याला दंडाला धरून बाहेर नेलं, ओसरीवर ठेवलं आणि परत येऊन नमाज पुन्हा बांधली.

हे सगळं मी पाहिलं. मी शेवटून दुसऱ्या सफेत, दाराजवळ होतो. चाचा त्याला नेताना माझ्या बाजूनेच गेले. मी जागचा हललो नाही. नमाजमध्ये होतो, हे माझं त्या वेळचं कारण.

सलाम फेरून त्या रकाती संपल्यावर बाप मागे वळला आणि त्याला पोरगा दिसेना. ओसरीवर नव्हता, चपलांपाशी नव्हता. सापडला तो हौदाच्या तिसऱ्या पायरीवर. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, रडून झालेलं, पाण्यात हात घालून बसलेला. पुढच्या पायरीवर पाणी त्याच्या छातीपर्यंत आलं असतं. बापाने त्याला उचललं आणि कुणाशी एक शब्द न बोलता घरी निघून गेला. मागे बारा रकाती राहिल्या होत्या. आम्ही त्या पूर्ण केल्या. तरावीह पढवणारे हाफिजसाहेब काय पढत होते ते मला आठवत नाही.

चाचांबद्दल इथेच सांगतो, म्हणजे कुणाचा गैरसमज नको. मशिदीची कौलं दर पावसाळ्याआधी हेच चाचा स्वतः वर चढून परततात. गुडघे गेले आहेत, तरी खुर्ची घेत नाहीत. त्यांनी पोराला मारलं नाही, शिवी दिली नाही. त्यांच्या लेखी त्यांनी नमाजची जागा मोकळी केली होती, आणि ओसरी ही त्यांच्या लहानपणी मुलांना सोडायची सुरक्षित जागाच होती, कारण तेव्हा तिथे बायामाणसांचा वावर असे. हल्ली तिथे अंधार असायचा.

आठ दिवस

दुसऱ्या दिवशी सकाळी कमिटी बसली. हौदाचं सगळ्यांनाच लागलं होतं. पण चर्चा हौदावर न थांबता मुलांवर गेली. कुणी म्हणालं, सात वर्षांची हदीसच (पैगंबरांचं वचनच) आहे; कुणी म्हणालं, वाईट काही झालं तर पोलीस कमिटीलाच धरतील. अर्ध्या तासात ठराव झाला आणि मी मार्कर उघडला.

मशीद शांत झाली, हे खरं. पहिल्या दोन रात्री बऱ्याच जणांनी मला तसं सांगितलंही. तिसऱ्या रात्रीपासून मागची सफ विरळ होऊ लागली. पाटी सातच्या खालच्यांसाठी होती, पण आठ-नऊ वर्षांची मुलंही येईनात. धाकट्याला घरी ठेवायचं तर थोरला त्याच्यासोबत थांबतो, आणि थोरल्याला रस्त्यावरच्या क्रिकेटला एक कारण मिळतं. तरुण बापांपैकी तिघे-चौघे नुसते फर्ज (सक्तीची नमाज) पढून निघून जाऊ लागले. कुवेतवाला तर शेजारच्या गावच्या मशिदीत जाऊ लागला, एकटाच. मुलगा मशिदीचं नाव काढलं की आजीच्या मागे लपत होता.

आणि एक गोष्ट मला माझ्या बहिणीने सुनावली. ती म्हणाली, "भाई, रमजानात दिवसभर चूल आमची. रात्री पुरुष पोरांना घेऊन मशिदीत गेले की एक तास आम्हाला मिळायचा. आम्ही पाच-सहा जणी माझ्या ओटीवर एकत्र तरावीह पढायचो. तुम्ही पाटी लावलीत आणि तो तास गेला. आता माझी सून दोन रकातींत तीनदा उठते. तुमची नमाज शांत झाली, तिच्या नमाजचं काय?" कमिटीत आम्ही सात पुरुष. हे सातांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट मला स्वतःलाच आठवली आणि लाज वाटली. त्याच हिवाळ्यात गावातल्या मराठी शाळेची मुलं मशीद पाहायला आली होती. मुंबई-पुण्यात 'मशीद परिचय' म्हणून असे कार्यक्रम होतात, तसंच आम्हीही केलं. पोरांना मेहराब दाखवला, मिंबरच्या पायऱ्यांवर बसू दिलं, बांगीने माईकशिवाय बांग ऐकवली, शेवटी सरबत दिलं. एका मुलीने विचारलं, "इथे देव कुठे ठेवलाय?" आणि पेशइमाम (नमाज पढवणारे) तिच्या उंचीला वाकून समजावत बसले. पाहुण्या मुलांना आम्ही इतकं सांभाळलं. आमच्या पोरासाठी अंधारी ओसरी.

दीन काय सांगतो

बुधवारी रात्री पेशइमाम माझ्याकडे आले. तरुण आहेत, श्रीवर्धनला शिकलेले. म्हणाले, "सर, पाटीवर सात लिहिलंय. ती सात कुठून आली ते एकदा बघू या."

हदीस अबू दाऊदच्या हदीससंग्रहात आहे : मुलं सात वर्षांची झाली की त्यांना नमाज पढायला सांगा. पुढे दहाव्या वर्षी न पढल्यास मारण्याचाही उल्लेख आहे, आणि लोकांना तेवढाच लक्षात राहतो. पेशइमामांनी मला हिशेब घातला. सात ते दहा, तीन वर्षं, दिवसाला पाच नमाज. म्हणजे पाच हजारांहून जास्त वेळा नुसतं सांगायचं आहे. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचं ते नव्हतं. ही हदीस सांगायला कधी सुरुवात करावी ते सांगते. त्याआधी मशिदीत येऊच नये असं त्यात कुठे आहे? शाळेत सहाव्या वर्षी नाव घालतो, म्हणून पाच वर्षांचं पोर शाळेच्या अंगणात खेळायला आलं तर त्याला हाकलतो का? सुरुवातीच्या वयाला आम्ही प्रवेशाचं वय करून टाकलं होतं.

चाचांनीही एक वचन आणलं होतं : आपल्या मशिदींपासून मुलांना आणि वेड्यांना दूर ठेवा. इब्ने माजाच्या संग्रहात ते आहे. पेशइमामांनी सांगितलं की हदीसच्या जाणकारांनी त्याची सनद (ते सांगणाऱ्यांची साखळी) कमजोर ठरवलेली आहे. आणि ज्यांबद्दल शंका नाही अशा गोष्टी भलत्याच वेगळ्या आहेत. पैगंबर नमाज पढवत असताना त्यांची नात उमामा खांद्यावर होती; रुकू-सजद्याला, म्हणजे वाकायला आणि माथा टेकायला, जाताना ते तिला खाली ठेवत आणि उठताना पुन्हा उचलत. लांब नमाज पढवायच्या इराद्याने उभे राहत, पण मागे तान्हं मूल रडलेलं ऐकलं की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून नमाज आवरती घेत. याचा सरळ अर्थ असा, की मदिनेच्या त्या मशिदीत आया होत्या, तान्ही मुलं होती आणि ती रडत होती. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्ने अब्बास पोरसवदा असताना मक्केजवळच्या मिनामध्ये गाढवीवर बसून सफेच्या एका भागापुढून गेले, तिला चरायला सोडली, सफेत शिरले आणि त्यांना कुणी काही बोललं नाही.

आम्हा शाफईंना तर आणखी एक गोष्ट जवळची. अम्र बिन सलमा हा सहा-सात वर्षांचा मुलगा. त्याच्या कबिल्यात सगळ्यात जास्त कुरआन त्याला पाठ, म्हणून मोठी माणसं त्याच्या मागे नमाज पढत. त्याचं वस्त्र तोकडं होतं, सजद्यात वर सरके. एक बाई म्हणाली, अरे, तुमच्या या इमामाला झाकेल असं काही आणा. मग कापड आणून त्याला सदरा शिवला. मोठेपणी तो सांगत असे की त्या सदऱ्याइतका आनंद त्याला दुसऱ्या कशाचा झाला नाही. याच आधारावर शाफई मजहबमध्ये समज आलेल्या मुलाची इमामत चालते. मागे उभं राहायला ज्याला आम्ही लहान म्हणतो, त्याच्या वयाचं पोर तिथे पुढे उभं होतं.

पण पेशइमामांनी चाचांची बाजू उडवून लावली नाही, आणि मला त्यांचा हा गुण मोठा वाटतो. शाफई फिकहात, म्हणजे धर्मनियमांत, दोन अडचणी खऱ्या आहेत. अंगावर नजासत (मलमूत्रासारखी अशुद्धी) घेऊन नमाज होत नाही. म्हणजे भरलेल्या डायपरचं मूल कडेवर घेऊन बाप उभा राहिला तर त्याची नमाज जाते. उमामाचा दाखला तिथे लागत नाही. आणि ज्याला नमाज म्हणजे काय हेच कळत नाही असं मूल सफेच्या मधोमध उभं राहिलं, मग बसलं, मग गेलं, तर तिथे खिंड पडते. 'सफ तुटते' असं ज्याने म्हटलं तो चुकीचं बोलला नव्हता. त्याने फक्त मुलाला बापापासून तोडायचा उपाय काढला.

काय बदललं

२९ मार्चच्या जुम्याला पेशइमामांनी बयानात (प्रवचनात) हे सगळं सांगितलं. त्या गुरुवारचा उल्लेख केला नाही, सगळ्यांना कळलं. असरनंतर पाटी उतरवली. त्या रात्री बसून आम्ही जे ठरवलं त्यात नवी पाटी नव्हती.

सगळ्यात आधी हौद. रविवारी वेल्डर आणून चारी बाजूंनी जाळी आणि एक फाटक बसवलं; जमातीच्या (सामूहिक नमाजच्या) वेळी फाटकाला कडी. ओसरीवर बल्ब लावला. हे काम वर्षानुवर्षं आधीच व्हायला हवं होतं.

मग सफ. माझा अनुभव सांगतो, आणि तो वर्गातला आहे : दहा पोरं एकत्र उभी केली आणि मोठं माणूस त्यांच्याकडे पाठ करून उभं राहिलं, तर जगातली कुठलीही दहा पोरं तेच करतील जे आमची करत होती. दंगा मुलांत नसतो, त्या मांडणीत असतो. म्हणून मागची मुलांची सफ आम्ही मोडली. सातच्या वरची मुलं आपापल्या बापाच्या, काकाच्या, शेजाऱ्याच्या बाजूला. मुलांची सफ मागे असणं पसंतीचं आहे हे खरं, पण गोंधळ टाळायला त्यांना मोठ्यांमध्ये उभं करता येतं, असं पेशइमामांनी सांगितलं. आणि आधी येऊन बसलेल्या मुलाला नंतर आलेल्या मोठ्यासाठी उठवायचं नाही, हे तर शाफई मतच आहे. आम्ही वर्षानुवर्षं उलटं करत आलो होतो.

सातच्या खालची मुलं सफेच्या टोकाला, भिंतीकडे. भिंत, मग मूल, मग बाप. मूल बसलं, निजलं, निघून गेलं तरी खिंड पडत नाही. डायपरमधली मुलं सफेत नाहीत. लहानांसाठी इशाचे फर्ज आणि तरावीहच्या पहिल्या चार रकाती; मग घरी जायला मोकळीक. तरावीह फर्ज नाही, म्हणून रोज एक बाप पाळीने ओसरीवर बसतो आणि आपल्या रकाती नंतर पढतो. पहिल्या पाळीला मी माझंच नाव घातलं.

दर चार रकातींनंतर आमच्याकडे थोडा विसावा असतो. तेव्हा पाणी फिरवायचं काम मुलांना दिलं. दुसऱ्याच रात्री एकाने अख्खा तांब्या गालिच्यावर उपडा केला. कुणी ओरडलं नाही, निदान मोठ्याने नाही.

आमीनला हात लावला नाही. कमिटीतल्या एकाने सूचना केली होती की मुलांनी हळू म्हणावं. पेशइमाम म्हणाले, मग मोठ्यांनी जोराने म्हणावं, म्हणजे मुलांची ऐकू येणार नाही.

वर्षानंतर

सगळं छान झालं असं लिहिलं तर खोटं होईल. काही बाप मुलाला दारात सोडून जातात आणि तासाने न्यायला येतात. त्यांच्याशी माझी दोनदा कडक बोलणी झाली. अठ्ठावीसच्या रात्री एक मूल उलटी करून गेलं. दोन ज्येष्ठ माणसं आजही तरावीह घरी पढतात, आणि त्यांची तक्रार मी हलकी मानत नाही. साठ वर्षं ज्याने एकाग्रतेने नमाज पढली त्यालाही मशिदीवर हक्क आहे. त्यांच्यासाठी पहिल्या दोन सफा, जिथे कौलं आवाज गिळतात, तिथे आम्ही पाच वर्षांखालचं मूल उभं करत नाही. ही तडजोड पुरेशी आहे की नाही ते मी सांगू शकत नाही.

कुवेतवाला त्या रमजानात परत आला नाही. २०२५ ला, २ मार्चच्या पहिल्या रोज्याआधीच्या रात्री, तो मुलगा आजोबांचं बोट धरून आला. आता पाच वर्षांचा. दारात थांबला आणि ओसरीकडे बघत राहिला. जाळी, बल्ब, फाटकाची कडी. चाचा वजू करून येत होते. त्यांनी त्याला ओळखलं. काही बोलले नाहीत. आत गेले, दुसऱ्या सफेतली आपली जागा सोडली आणि चौथ्या सफेत भिंतीपासून तिसऱ्या जागेवर उभे राहिले. भिंत, मुलगा, आजोबा, चाचा. पहिल्या आमीनला मुलगा गप्प होता. दुसऱ्या रकातीत त्याची आमीन सगळ्यांच्या नंतर आली, एकटी आणि बारीक.

आता पुढचं प्रकरण कमिटीपुढे आहे आणि ते अवघड आहे. बापांबरोबर चार-पाच वर्षांच्या मुलीही येऊ लागल्या. त्या भिंतीकडे उभ्या राहतात, सुरा मुलांपेक्षा चटकन पाठ करतात. त्यांतली एक या वर्षी सात वर्षांची होईल. त्या वयाला तिच्या भावाला आम्ही बोलावून आणणार, आणि आमच्या मशिदीत बायकांना जागा नाही. पुण्याच्या एका दाम्पत्याने मशिदीत स्त्रियांना प्रवेश मिळावा म्हणून २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, तेव्हा ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने जानेवारी २०२० मध्ये प्रतिज्ञापत्रावर सांगितलं की स्त्रियांना मशिदीत येऊन नमाज पढायला दीनची मनाई नाही. आमच्या इथे मशिदीला लागून मदरशाची जुनी खोली रिकामी आहे. मध्ये दार पाडायचं, एक पडदा, एक स्पीकर, वेगळे नळ आणि वेगळी वाट. बहिणीने कागदावर नकाशा काढून दिला आहे, गवंड्याने जांभा कापण्याचा खर्च सांगितला आहे. येत्या बैठकीत मी तो कागद ठेवणार आहे. चाचांना आधी दाखवला. त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "दार या बाजूला घेतलं तर पावसाचं पाणी आत येईल. पलीकडून का नाही घेत?"